झाकण मिटल्यावर

परवा बाबांसाठी नवीन लॅपटॉप आणला. त्यावर लिनक्स टाकलं, अक्षरं मोठी केली, मराठी कळफलक लावला. अर्ध्या तासात सगळं झालं, आणि मग एकाच सेटिंगपाशी मी दोन संध्याकाळी घालवल्या. झाकण मिटल्यावर यंत्राने काय करायचं?

यात दोन संध्याकाळी घालवण्यासारखं काय आहे, असं नेहमीचे वाचक विचारतील. घरच्यांना माहीत आहे. तरी सांगते.

२००७ सालची गोष्ट. आई-बाबा आणि आजी कराडला. भारनियमन जोरात होतं, दिवसातले कित्येक तास वीज नाही. माझा जुना लॅपटॉप मी बाबांना दिला होता आणि त्यावर त्यांनी आजीच्या आठवणी उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. विषय पानशेतचा. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा आजी पुण्यात शनिवार पेठेत राहायची. ती सांगायची, बाबा दोन बोटांनी टाइप करायचे आणि बॅटरी उतरायला लागली की झाकण मिटायचे. कारण मीच त्यांना सांगितलं होतं, "फक्त झाकण लावा बाबा. उघडलं की सगळं होतं तिथेच असेल." ऑटोसेव्हसुद्धा मीच बंद केलं होतं, त्या म्हाताऱ्या यंत्रावर दर थोड्या वेळाने ते अडकून बसायचं.

मग सगळेजण चार दिवस सांगलीला लग्नाला गेले. परत येऊन झाकण उघडलं तर यंत्र पहिल्यापासून सुरू झालं. अकरा पानं गेली. आजीला पुन्हा सांगायला लावलं, पण पहिल्या वेळी शेजारणीच्या शिवणयंत्राचं काय झालं, चिखलात कुठली भांडी सापडली असं सगळं आलं होतं म्हणे. दुसऱ्या वेळी फक्त, पाणी आलं, आम्ही गच्चीवर गेलो, पाणी उतरलं. २००८च्या श्रावणात आजी गेली.

असो.

हे झालं कसं? मावशी, तुझ्यासाठी स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. सस्पेंड म्हणजे सगळा पसारा ओट्यावर तसाच ठेवून गॅस अगदी बारीक करणं. परत आलीस की लगेच सुरुवात, पण सिलिंडर संपला तर संपलं. हायबरनेट म्हणजे सगळं डब्यांत भरून फडताळात ठेवणं आणि गॅस बंद. परत मांडायला वेळ लागतो, पण महिन्याने आलीस तरी सगळं जागच्या जागी. बाबांचं यंत्र पहिल्या प्रकारे झोपत होतं.

गंमत म्हणजे फार जुने कॉम्प्युटर असे विसरायचे नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडं कुठल्या दिशेने चुंबकित झालं आहे यावर शून्य की एक हे ठरायचं, आणि वीज गेली तरी चुंबकत्व जात नाही. १९७०च्या दशकात ही कडी मागे पडली आणि डीरॅम आली. स्वस्त, छोटी, वेगवान, पण विसराळू. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एक गळकं भांडं. ते साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावं लागतं. म्हणून झोपलेल्या लॅपटॉपलाही थोडी वीज लागतेच. चार दिवस ती पुरली नाही.

पण मला जास्त रस आहे तो दुसऱ्या प्रश्नात. यंत्राला झोपवायचं कुणी? १९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात खरी सत्ता बायोसची, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची. ऑपरेटिंग सिस्टिमला कळायच्या आत बायोस परस्पर दिवे मालवू शकायचा. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय आणलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. झोपेच्या पायऱ्याही ठरल्या. एस-थ्री म्हणजे सस्पेंड, एस-फोर म्हणजे हायबरनेट. विंडोज २०००मध्ये हायबरनेट आलं तेव्हा सी ड्राइव्हवर रॅमएवढी एक फाइल दिसायला लागली. जागा हवी म्हणून ती काढून टाकायला निघालेले माझ्या ओळखीत तरी तिघे आहेत!

कारभार असा सरकला तरी यंत्राची माहिती देणारे तक्ते उत्पादकांनीच लिहायचे होते, आणि ते बहुतेक जण विंडोजवर तपासून सोडून द्यायचे. जानेवारी १९९९मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना एक मेल लिहिली होती. हे काम आपण करायचं, भागीदारांकडून करवून घ्यायचं आणि लिनक्सला मात्र ते आयतं मिळायचं, त्यापेक्षा ते विंडोजपुरतंच ठेवता येणार नाही का, असा तिचा आशय. पुढे आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ती पुरावा म्हणून दाखल झाली आणि जगासमोर आली. एका मेलवरून सगळा इतिहास रचू नये हे मान्य. पण लिनक्सवाल्यांनी काढलेला उपाय ऐका. फर्मवेअर विचारतं, "तू विंडोज आहेस का?" लिनक्स बिनदिक्कत "हो" म्हणतं. आणि २००७पासून, "तू लिनक्स आहेस का?" या प्रश्नाला "नाही" म्हणतं. कारण लिनक्ससाठी म्हणून लिहिलेला भाग कुणी तपासलेलाच नसायचा.

लिनक्समधल्या हायबरनेटची कथा तर लांबलेल्या भाऊबंदकीसारखी आहे. गाबोर कुटी यांनी सुरुवात केली, पावेल माखेक यांच्या प्रयत्नांनी ते २००२मध्ये प्रायोगिक कर्नेलमध्ये आलं. नायजेल कनिंगहॅम यांनी त्याचीच दुसरी शाखा वर्षानुवर्षं वाढवली, तिचं नाव पुढे टक्स-ऑन-आइस झालं. अनेकांना तीच जास्त आवडायची, पण मुख्य कर्नेलमध्ये ती कधीच गेली नाही. दरम्यान वापरणारे आमच्यासारखे लोक झोपेतून उठलेल्या यंत्राच्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे, कारण ग्राफिक्स कार्डला पुन्हा जागं कसं करायचं ते यंत्रागणिक वेगळं.

मग मी २००७मध्ये हायबरनेट का लावलं नाही? लावून पाहिलं होतं. रॅम एक जीबी आणि लिनक्स टाकताना मी स्वॅप ठेवलेली अर्धा जीबी. रॅममधला पसारा स्वॅपवरच लिहिला जातो. मावला नाही की सरळ नकार. पार्टिशन पुन्हा करायचा मला कंटाळा आला. सस्पेंड चालत होतं, तेच ठेवलं. एवढंच.

आता नव्या यंत्राकडे. इथे एस-थ्री नाहीच! २०१२मध्ये विंडोज ८बरोबर फोनसारखी अर्धवट झोप आली आणि हळूहळू बऱ्याच लॅपटॉपमधून जुनी झोप गेली. कर्नेलला विचारलं तर उत्तर एकच, एस-टू-आयडल. म्हणजे डुलकी. आणि हायबरनेट? नकार. सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक लिनक्समध्ये कर्नेल स्वतःला कुलूप लावून घेतं (२०१९च्या ५.४ आवृत्तीपासून ही सोय आहे), कारण डिस्कवर लिहिलेला पसारा मधल्या वेळात कुणी बदलला नाही याची त्याला खात्री देता येत नाही. कारण पटण्यासारखं आहे. पण कराडच्या घरात येऊन बाबांची फाइल बदलणारा कोण? मी सिक्युअर बूट बंद केलं.

मग रॅम १६ जीबी, स्वॅप २० जीबी. ग्रबमध्ये स्वॅपचा पत्ता लिहिला, म्हणजे सुरू होताना पसारा कुठून उचलायचा ते कळेल. आणि झाकणासाठी तिसराच पर्याय निवडला: आधी डुलकी आणि अर्ध्या तासाने आपोआप हायबरनेट. ऑटोसेव्ह दर दोन मिनिटांनी. एक ओळ लिहून, सेव्ह न करता झाकण मिटलं, तासाभराने चार्जर काढला आणि लॅपटॉप शनिवारपासून मंगळवारपर्यंत कपाटात ठेवला. उघडलं. ओळ होती, कर्सरसुद्धा तिथेच लुकलुकत होता.

लगेच बाबांना फोन केला. म्हटलं, आता निर्धास्तपणे झाकण मिटा, काही जाणार नाही.

"बरं," बाबा म्हणाले, "पण मी आधी वहीत लिहितो हं."