‘झिपी’ची कुळकथा

थंडरबर्ड या ईमेलच्या सॉफ्टवेअरसाठी ॲड-ऑन उतरवलं की त्या फाइलीच्या नावाला शेपूट असतं ‘एक्सपीआय’. एक्स म्हणजे क्रॉस, पी म्हणजे प्लॅटफॉर्म, आय म्हणजे इन्स्टॉल. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर एकच फाइल चालावी, हा त्यामागचा संकल्प. थंडरबर्ड घडवणारी मोझिलाची मंडळी तिला ‘झिपी’ म्हणत आणि ते सार्थच आहे, कारण आत साधी झिप फाइल असते. घराणं नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं, २००० सालच्या नेटस्केप ६ मध्ये ही पद्धत होती.

डिसेंबर २००४ मध्ये थंडरबर्ड १.० आलं. फायरफॉक्स हा ब्राउझर त्याचं सख्खं भावंड, दोघांच्या ॲड-ऑनचं शेपूटही एकच. घोळ तिथूनच सुरू झाला. मेलच्या ॲड-ऑनवर फायरफॉक्समध्ये क्लिक केलं, की फायरफॉक्स ते स्वतःतच बसवायला जाई आणि ‘सुसंगत नाही’ म्हणून परत फिरवी. फाइल धडधाकट असे. ती आधी जपून ठेवायची आणि थंडरबर्डच्या ॲड-ऑन खिडकीतून बसवायची, इतकंच.

संकल्पाला तडा गेला तो ‘लाइटनिंग’ या कॅलेंडरमुळे. नुसत्या जावास्क्रिप्टचं ॲड-ऑन कुठेही चालतं. लाइटनिंगमध्ये मात्र कंपाइल केलेला भाग होता, आणि असा भाग ज्या सिस्टिमसाठी घडवला तिथेच चालतो. त्यामुळे प्रत्येक सिस्टिमची फाइल वेगळी झाली. लिनक्सवाल्यांचे हाल सर्वांत जास्त: ३२ बिटांचं लाइटनिंग ६४ बिटांच्या थंडरबर्डमध्ये चालेना. पत्रं कुलूपबंद करणाऱ्या ‘एनिगमेल’ची तऱ्हा निराळी. त्याला ग्नूपीजी हे स्वतंत्र सॉफ्टवेअर लागे. विंडोज आणि मॅकवर ते आधी आणून बसवावं लागे, नाहीतर एनिगमेल बसूनही निरुपयोगी. या वर्षांत लोक स्वतःला अडाणी समजत राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. चूक त्यांची नव्हती.

२०१५ साली थंडरबर्ड ३८ सोबत लाइटनिंग आपसूक येऊ लागलं. २०२० च्या थंडरबर्ड ७८ मध्ये कॅलेंडर आणि कुलूप दोन्ही मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाले, आणि जुन्या घडणीची ॲड-ऑन बंद पडली.

शेपूट अजून तेच आहे. तेव्हा एखादं ॲड-ऑन बसेना, तर त्याच्या फाइलीची प्रत काढा, प्रतीचं शेपूट बदलून झिप करा आणि आतली ‘मॅनिफेस्ट’ नावाची फाइल उघडा. थंडरबर्डची कोणती आवृत्ती चालेल, ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.