बायबलवाचन, बेळगाव-निपाणी सीमाभागातील
येथील मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांच्या भक्तिजीवनाचा कणा. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावास आले, त्याआधीच श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला होता (१८११). रविवारची उपासना चर्चमध्ये होते. पण शास्त्राची खरी सवय लागते ती घरच्या प्रार्थनेत. वडीलधारे उतारा वाचतात, मुले वचने पाठ म्हणतात. आजारपणात, मर्तिकाच्या घरीही प्रथम स्तोत्रसंहिताच उघडली जाते. पाळकाच्या शब्दापेक्षा शास्त्रवचनाचा अधिकार मोठा, ही प्रोटेस्टंट धारणा त्यामागे आहे. वचन स्वतः वाचता यावे, हा आग्रह मिशनच्या शाळांमागील एक मोठे कारण होता. सीमाभागात कानडी बायबलही वापरात असून ते बळ्ळारीच्या मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये पूर्ण केले.