आडनावाची साक्ष

कोकणात कोणी आपले आडनाव ‘पेणकर’ सांगितले की त्याचे घराणे मूळचे पेणचे, एवढे आपल्याला कळते. जात कळत नाही आणि धर्मही कळत नाही. आज आम्ही ज्या आडनावाविषयी बोलणार आहोत, ते ‘दिवेकर’ असेच आहे. हिंदूंत दिवेकर आहेत आणि बेने इस्राएल या यहुदी समाजातही आहेत.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे हा समाज कुलाबा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पसरला. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या गावी घर, त्या गावाला ‘कर’ जोडून आडनाव झाले. किहीमचे ते केहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, झिराडचे ते झिराडकर. अशी शंभराहून अधिक आडनावे या लहानशा समाजात आहेत.

माणसाच्या नावालाही मराठी वळण लागले. शमुवेलचा सामाजी झाला. कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत पडले होते. तेथून सुटल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढच्या पिढ्यांनी सामाजी टाकून पुन्हा सॅम्युएल घेतले. ‘कर’ मात्र पुष्कळांनी टाकला नाही. या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल यांनीही ‘केहीमकर’ हेच नाव लावले.

या नावांची खरी कसोटी दूरदेशी लागली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ साली त्यांच्या विवाहासंबंधी फर्मान काढले की, वधूवरांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना हा घाव वर्मी लागला. आडनाव पुढे करावे, तर ते बापाकडून येते आणि धर्मशास्त्र विचारते आई. शिवाय ते गाव सांगते, वंश सांगत नाही. मग लोकांनी चळवळ केली. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे जाहीर केले आणि धर्मपीठालाही फर्मान बदलावे लागले.

मग आडनावाची साक्ष फुकट गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. रक्ताची साक्ष त्याने कधी दिलीच नव्हती. ज्या गावाने परक्यांना घाणा घालू दिला, शनिवार पाळू दिला आणि आपले नावही लावू दिले, त्या गावाची ती साक्ष आहे. दिवेकर हे नाव ऐकून जातधर्म ओळखता येत नाही, यातच त्या शेजारधर्माचे मोठेपण आहे.