शाई टिकावी की पेन टिकावे?

शाई निवडताना आपण रंग पाहतो. ती शाई पेनला मानवेल का, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. लेखनाच्या इतिहासात मात्र पेन बदलले, की शाईचाही नव्याने विचार करावा लागला आहे.

आपल्याकडच्या पोथ्या बोरूने लिहिल्या जात. काजळ आणि डिंक पाण्यात घोटून त्यांची शाई करीत. काजळ पाण्यात विरघळत नाही. डिंकामुळे त्याचे कण तरंगत राहतात एवढेच. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही, म्हणून ही अक्षरे शेकडो वर्षे काळीभोर राहिली. बोरूत शाई साठत नसल्यामुळे तो तुंबण्याचा प्रश्नच नव्हता.

युरोपात मध्ययुगापासून मायफळ आणि हिराकस यांची शाई वापरात होती. मायफळातील टॅनिन आणि हिराकसातील लोह यांच्या संयोगाने फिकट द्रावण बनते. कागदावर हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला, की त्याचा काळा, अविद्राव्य पदार्थ होतो. तो धुतला जात नाही. ही शाई आम्लधर्मी असते. पण हंसाच्या पिसाला त्याचा त्रास नव्हता. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा आल्या. त्यांना ही शाई खाऊ लागली. निब स्वस्त होती. गंजली की फेकून देत.

१८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमन यांनी आपल्या फाउंटन पेनचे पेटंट घेतले. आता शाई दिवसेंदिवस पेनातच राहू लागली. गंज टाळण्यासाठी १४ कॅरट सोन्याची निब वापरता येई. पण निबेखालच्या बारीक खाचांत काजळाचे कण किंवा लोहाचा साका बसला, तर पेन चालेनासे होई.

यातून वाट निघाली ती कृत्रिम रंगांमुळे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये योगायोगाने जांभळा रंग सापडला. त्यानंतर असे अनेक रंग तयार झाले. त्यांतले काही पाण्यात पूर्ण विरघळतात, त्यामुळे पेन तुंबत नाही. मात्र पाणी पडले की अक्षर पसरते आणि उन्हात विटते. म्हणूनच ब्रिटनमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदींसाठी लोहाची शाईच वापरत राहिले.

केवळ आम्ल टाळून भागत नाही. १९४१ मध्ये पार्कर कंपनीने ‘५१’ पेनसाठी झटपट वाळणारी, तीव्र अल्कधर्मी शाई काढली. त्या पेनचे ॲक्रिलिक ती सोसत असे. जुन्या पेनांच्या सेल्युलॉइडला व रबराला मात्र ती घातक होती. ती फक्त त्याच पेनात भरायची होती.

वर्गात हे करून पाहता येईल. निरनिराळ्या शायांत एकेक स्वच्छ पोलादी टाचणी आठवडाभर बुडवून ठेवा. त्याच शायांनी कागदावर रेघा ओढा, वाळू द्या आणि त्यांवर पाणी टाका. कोणती रेघ टिकली आणि कोणती टाचणी, याचा तक्ता मुलांना करू द्या.

रोजच्या लेखनाला पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, फाउंटन पेनसाठीच बनवलेली शाई बरी. चित्रकलेची काळी शाई पेनात कधीही भरू नये. शाई बदलताना पेन साध्या पाण्याने धुवावे; दोन शाया एकत्र आल्या, तर साका बसू शकतो. शाळेच्या दाखल्यांसाठी आणि रजिस्टरांसाठी मात्र टिकाऊ शाई हवी. तिच्यासाठी वेगळे पेन ठेवावे आणि ते वारंवार धुवावे.