वेस्टमिन्स्टरचा अखबारनवीस

ब्रिटिश पार्लमेंटाच्या दालनात वावरणाऱ्या वार्ताहरांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली आहे. मंत्र्याने खाजगीत सांगावे, वार्ताहराने ते लोकांपुढे मांडावे, परंतु सांगणाऱ्याचे नाव बाहेर फुटू देऊ नये, हा तिचा अलिखित करार. दूरचित्रवाणीला मात्र प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसावी लागते. तेव्हा पडद्याआडची मसलत पडद्यावर विश्वसनीय कशी करावी, या प्रश्नाचे समर्थ उत्तर जॉन कोल यांच्या कारकिर्दीत सापडते, असे मला वाटते.

१९२७ साली बेलफास्टमध्ये जन्मलेल्या कोल यांनी सतराव्या वर्षी ‘बेलफास्ट टेलिग्राफ’मध्ये उमेदवारी आरंभिली आणि पुढे ‘गार्डियन’ व ‘ऑब्झर्व्हर’ या पत्रांत वरिष्ठ हुद्दे सांभाळून, पन्नाशी उलटल्यावर, १९८१ मध्ये ते बीबीसीचे राजकीय संपादक झाले. त्यांच्या उत्तर आयर्लंडी उच्चारांची लंडनात यथेच्छ थट्टा झाली. परंतु त्याच उच्चारांत सामान्य प्रेक्षकाला दरबारी खुशामतीचा लवलेश नसलेला आवाज ऐकू येई.

१२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, हुजूर पक्षाच्या अधिवेशनासाठी जमलेल्या पुढाऱ्यांचा मुक्काम असलेल्या ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने पेरलेला बॉम्ब फुटला व त्यात पाच जणांचा बळी गेला. त्याच अंधाऱ्या पहाटे, पोलीस ठाण्याबाहेर, कोल यांनी पंतप्रधान थॅचरबाईंना गाठले. आणि मृत्यूच्या दाढेतून नुकत्याच सुटलेल्या त्या बाईंनी अधिवेशन ठरल्याप्रमाणे चालू राहील असे तेथेच जाहीर केले. अशा वेळी प्रश्न थोडके व सरळ असावे लागतात, आणि ती जाण छापखान्याच्या शाईत हात माखलेल्या माणसालाच असते.

नोव्हेंबर १९९० मध्ये पक्षनेतेपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत थॅचरबाईंना २०४ व त्यांचे प्रतिस्पर्धी हेसल्टाइन यांना १५२ मते पडली. विजयास आवश्यक असलेली आघाडी चार मतांनी हुकली. बाई पायउतार होणार, हे भाकीत कोल यांनी अचूक वर्तविले. ते ज्योतिष नव्हे. वर्षानुवर्षे जोडलेल्या माणसांच्या शब्दांचे वजन ओळखण्याची ती विद्या होती.

१९९२ मध्ये ते निवृत्त झाले. पुढील वर्षी देऊ केलेला सरकारी किताब त्यांनी नाकारला. चोवीस तासांत खाऊन-पिऊन संपेल एवढीच भेट पत्रकाराने स्वीकारावी, हा ‘गार्डियन’मधील जुना दंडक त्यांनी त्यासाठी पुढे केला.