सिम्प्युटर: नवख्याला सापडेल असा पडदा

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक आखला. १९९९मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन झाला आणि २००१मध्ये नमुना लोकांपुढे आला. हे यंत्र लिनक्सवर चाले, आणि ते आखलं होतं संगणक कधी न हाताळलेल्या माणसासाठी.

सराईत माणूस टेबलावरच्या संगणकावर दोन कळा दाबून काम उरकतो. नवख्याला तेच मेन्यूत शोधावं लागतं. सिम्प्युटरला कळफलकच नव्हता, पडद्यावरच्या चित्रांना लेखणीने स्पर्श करायचा. पण पडदा होता ३२० बाय २४० ठिपक्यांचा. सगळ्या सोयी एकदम मांडल्या तर चित्रं बारीक होणार आणि आत दडवल्या तर त्या आहेत हेच कळणार नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी मजकूर बोलून दाखवणारं ‘ध्वनी’ हे सॉफ्टवेअर तयार झालं. हे मोठंच काम होतं, तरी वेगाचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. डोळा यादीवरून क्षणात फिरतो, कानाला मात्र प्रत्येक शब्द संपेपर्यंत थांबावं लागतं. त्या मानाने स्मार्ट कार्डाची कल्पना अधिक शहाणपणाची. यंत्र गावात सामायिक, कार्ड ज्याचं त्याच्याकडे; कार्ड सरकवलं की त्याची माहिती पुढ्यात, पुन्हा शोधाशोध नको.

२००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पिकोपेटा या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या ‘अमिडा’ या सिम्प्युटरमध्ये हालचाल ओळखणारा संवेदक होता. मनगटाला झटका दिला की पान उलटे. यात पडद्यावरची जागा वाचते, हातही लवकर चालतो. पण अशी सोय आहे हे कुणी दाखवल्याशिवाय उमगणं कठीण.

किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास सुरू होई आणि विक्री काही हजारांवरच अडली. प्रत्यक्षात हे यंत्र कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदी, गाड्यांच्या इंजिनांची तपासणी, खाणीतून निघालेल्या लोहखनिजाच्या वाहतुकीची नोंद अशा कामांत वापरलं गेलं. तिथे ते प्रशिक्षित माणसांच्या हाती होतं, आणि रोज तेच काम करणाऱ्या त्यांना पडद्यावर हवा होता फक्त आपल्या कामाचा तक्ता.