‘कुंकू’ (१९३७) : आरसा, घड्याळ आणि आवाज

महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासलेखनात चित्रपटाची दखल घेतली जाते ती बहुधा कथानकापुरती. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ची नोंदही जरठ-कुमारी विवाहाला विरोध करणारा चित्रपट अशी एका वाक्यात होते आणि अभ्यासक पुढे जातो. वस्तुतः हा विषय तेव्हा नवा राहिला नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्येच रंगभूमीवर आले होते आणि चित्रपटाला आधार होता तो ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. वधूवरांच्या वयातील अंतराविषयी मात्र त्यात काहीच नव्हते. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेल्या तरुण नीरेला, ती त्या वयाच्या पुढे असल्याने, या कायद्याचा उपयोग नव्हता. कायद्याच्या कक्षेत न येणारा हा अन्याय चित्रपटाला पडद्यावर सिद्ध करावयाचा होता.

त्यासाठी लागणारी तांत्रिक तयारी ‘प्रभात’मध्ये आधीपासून होत होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. त्याच वर्षी व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने जर्मनीस गेले होते. त्यानंतरच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) टेलिफोटो भिंगाने टिपलेला राजगुरूचा डोळा पडदा व्यापून टाकतो. धर्मसत्तेची पाळत आणि दहशत संवादाविना प्रेक्षकावर येऊन आदळते. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांची होती, तर मराठीत केशवराव दाते यांची.

तेच दाते तीन वर्षांनी ‘कुंकू’मध्ये काकासाहेब झाले. ‘अमृतमंथन’मधील सत्ताधारी दुसऱ्याकडे रोखून पाहतो, काकासाहेबांना आरशात स्वतःकडे पाहावे लागते. वय लपविण्याच्या त्यांच्या खटाटोपाचा साक्षीदार हा आरसाच. घरातील जुन्या घड्याळाचा लंबकही त्यांचेच वय मोजत राहतो. ही प्रतीके आज काहीशी ढोबळ वाटतील, आणि ती ढोबळ आहेतही. परंतु त्यांच्यामुळे म्हाताऱ्या नवऱ्याचा अपराधभाव उपदेशाशिवाय दिसू लागला, हे नाकारता येत नाही.

याहून धाडसी निर्णय ध्वनीचा होता. भारतीय बोलपट तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता आणि प्रेक्षकाला संगीताची सवय झाली होती. ‘कुंकू’ने पार्श्वसंगीत पूर्णतः वर्ज्य केले. जो आवाज ऐकू येतो त्याचा उगम कथेतील घरात किंवा रस्त्यावरच असतो. परिणामी प्रेक्षकाने कोठे गहिवरावे, कोठे हसावे हे सांगणारे वाद्य उरत नाही. नीरा नवऱ्याला पती म्हणून नाकारते, तेव्हा तिच्या बाजूने सूर धरणारे कोणी नाही. आहे ती घरातली शांतता. याच शांततेमुळे शांता आपटे यांच्या गाण्याला वेगळे वजन येते. लाँगफेलो यांची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता नीरा गाते, ती करमणूक म्हणून नव्हे. शिकलेल्या मुलीचे मन त्या घराच्या भिंतींपलीकडे कोठवर पोहोचले आहे, हे त्या गाण्यातून कळते.

येथे एक विषमता लक्षात येते. आरसा आणि घड्याळ काकासाहेबांचे; नीरेच्या वाट्याला आवाज आला. पुरुषाचा पश्चात्ताप कॅमेरा आतून दाखवितो, स्त्रीचा विद्रोह मात्र बाहेरून ऐकवितो. शकुंतला परांजपे यांनी साकारलेली काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी नीरेची बाजू घेते, तीही प्रामुख्याने संवादांतून. अखेरीस काकासाहेब आत्महत्या करून नीरेला मोकळे करतात. ही सुटका कायद्याने मिळत नाही आणि नीरेच्या लढ्यानेही मिळत नाही. नवऱ्याने ती पत्र लिहून दिलेली असते. ‘कुंकू’ला सरसकट स्त्रीमुक्तीचा चित्रपट म्हणणाऱ्यांनी हा शेवट पुरेसा गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. ज्या माणसाच्या मनात चित्रपट आरशाच्या वाटेने शिरला, त्याच्याच हाती शेवटचा निर्णय राहिला. आणि मोकळी झालेली नीरा पुढे काय करणार, हे दाखविणारी एकही प्रतिमा चित्रपटाने घडविली नाही.